वाळूवरचं बंदर

मद्रासला मुळात बंदरच नव्हतं. हर्णैच्या शाळेत इतिहास शिकवताना हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहायची आणि मुलं दरवर्षी हसायची. बंदर नव्हतं तर इंग्रजांनी तिथं कोठी घातलीच कशाला? प्रश्न रास्तच. आमच्या पोरांच्या डोळ्यांसमोर सुवर्णदुर्ग पाण्यात उभा असतो आणि त्याच्या आडोशाला होड्या नांगरलेल्या असतात. आडोसा नाही तरी बंदर, हे त्यांच्या डोक्यात कसं शिरावं? खरं सांगायचं तर मलाही ते नुसतं पुस्तकातूनच ठाऊक होतं. चेन्नईला जाऊन आले तेव्हा कळलं की पुस्तकानं अर्धंच सांगितलंय. उरलेलं अर्धं सांगायला बसलेय, आणि कुणाला आवडलं नाही तरी सांगणार आहे.

गेले होते ती इतिहासासाठी नव्हे, विहिणीसाठी. माझी मुलगी रेश्मा चेन्नईत गिंडीला एका कंपनीत नोकरी करते. तिनं लग्न तिथंच ठरवलं. मुलगा सेल्वम, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात इंजिनिअर. घरचा धंदा मासेमारीचा, गाव कोवलम, शहराच्या दक्षिणेला समुद्रकाठी. आमच्या भावकीत लगेच नाकं मुरडून झाली. मद्रासी जावई म्हणे! मी म्हटलं, आपण कोळी, ते कोळी, मध्ये फक्त जमीन आडवी आलीय. विहिणीला भेटायचं, साखरपुड्याचं बोलायचं आणि रेश्मासाठी कांचीपुरमची एक साडी घ्यायची, एवढा बेत करून मी निघाले. त्सुनामीची ती मोठी लाट येऊन गेली त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

गिंडी

रेश्मा राहते त्या घराचे मालक सेतुराव. बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे तंजावरकडचे मराठी. त्यांचं मराठी ऐकून पहिल्या संध्याकाळी मी नुसती कान देऊन ऐकत बसले. बखर लिहिणारा कारकून तमिळ हेल काढून बोलतोय असं वाटत होतं. "यावें, बसावें, जेवण जाहलें की नाही?" असं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पान वाढायला सांगितलं. सांबार हे मराठ्यांनीच तंजावरात पहिल्यांदा केलं, असं त्यांचं ठाम म्हणणं. मी वाद घातला नाही, कारण सांबार फारच चांगलं होतं. सोबत दह्यात कालवलेलं उडदाच्या पिठाचं डांगर होतं, तेही चाटूनपुसून खाल्लं. घर मात्र कडक शाकाहारी. त्यामुळे मला दुसऱ्याच दिवशी माशांची आठवण यायला लागली आणि मी रेश्माला म्हटलं, आधी मला इथलं बंदर दाखव.

दुभाष्या म्हणून सेतुराव आपणहून निघाले. मासळीबाजारात जायचंय म्हटल्यावर त्यांनी अत्तर लावलेला रुमाल तेवढा बरोबर घेतला.

काशिमेडू

मोठ्या बंदराच्या उत्तरेला मच्छीमारांचं हे वेगळं बंदर आहे. काय ते ट्रॉलर! एकाला एक चिकटून अशा रांगा की एका टोकाहून दुसऱ्या टोकाला उड्या मारत जावं. बर्फाचे गाडे, डिझेलचा वास, खाली चिखल आणि वर घारी. लिलाव ऐकायला उभी राहिले. आवाज टिपेला लागलेले, बोटांच्या खुणा चाललेल्या, सगळं ओळखीचं. तरी काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि काय ते लवकर ध्यानात येईना. मग आलं. लिलाव पुकारणारे सगळे पुरुष होते.

बाया होत्या, नाही असं नाही. पण कडेला. लिलाव आटपल्यावर उरलंसुरलं विकत घेऊन टोपलीत भरणाऱ्या. आमच्या हर्णैला धक्का नाही, जेट्टी नाही. होड्या पाण्यात उभ्या राहतात, बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी काठावर आणतात आणि लिलाव वाळूवर होतो. पण पुकारा बायांचा. माझ्या आईनं तिथं गळा फाडून आम्हाला वाढवलं आणि शाळेची नोकरी लागल्यावरसुद्धा मी सुट्टीच्या दिवशी तिच्या शेजारी बसत आले. एक रीत मी तिथंच शिकले. उन्हात कुणाचाही ढीग दिसला की समुद्राची ओंजळभर खारी धार त्यावर सोडायची. मग ती बाई आपली असो की सकाळीच जिच्याशी भांडण झालं ती असो. मासा तापता कामा नये, बस्स. काशिमेडूला बर्फ होता, म्हणून हात आवरले. ही रीत लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं.

तिथून दक्षिणेला येताना सेतुरावांनी मोठं बंदर लांबून दाखवलं. दगडी भिंतींचे दोन हात समुद्रात गेलेत. त्या भिंती व्हायच्या आधी जहाजं बाहेर खोल पाण्यात थांबत आणि माणसं, पेट्या, घोडे, बंदुका, सगळं काठावर आणायचे ते इथले नावाडी. त्यांच्या होड्यांना खिळा नसे. फळ्या काथ्यानं शिवलेल्या. लाट आदळली की होडी मोडायची नाही, नुसती वाकायची. खिळे ठोकलेली गोऱ्यांची होडी त्याच लाटेत फुटून जायची. म्हणजे बघा, तोफा त्यांच्या, जहाजं त्यांची, कंपनी त्यांची, पण पाय कोरडे ठेवून उतरायचं तर या उघड्याबंब नावाड्यांच्या मनात यायला हवं. नावाड्यांनी भाव वाढवला की गव्हर्नरसुद्धा जहाजावर बसून राहत असेल. ही कल्पना माझी आहे, आणि मला ती फार आवडते.

भिंती बांधल्या तर वादळानं त्या एकदा मोडल्या. पुन्हा बांधल्या. मग वाळू दक्षिणेला अडकून साचत गेली आणि त्याचा झाला मरीना, ज्याचं सगळ्या देशाला कौतुक. उत्तरेला मात्र वाळू पोचेना, म्हणून समुद्र घरं खात सुटला. मरीनावर मिरची भजी खाताना उत्तरेकडच्या घरांची आठवण कोण काढतो? मीही भजी खाल्लीच.

हायकोर्टाच्या आवारात भिंतीवर एक पाटी आहे. पहिल्या महायुद्धात एमडन नावाची जर्मन युद्धनौका एका रात्री येऊन शहरावर तोफा डागून गेली, त्यातला एक गोळा तिथं पडला होता. इंग्रजांच्या नाकावर टिच्चून तेलाच्या टाक्या पेटवल्या आणि पसार झाली. अर्धं शहर पळालं म्हणतात. तेव्हापासून तमिळमध्ये कुणाला न जुमानणाऱ्या माणसाला एमडन म्हणतात. हे सांगून सेतुराव हसले आणि म्हणाले, तुमची विहीण म्हणजे अगदी एमडन, सांभाळून असा. मी म्हटलं, तिला माझ्याबद्दल कुणी सांगितलंय का?

कोवलम

सकाळच्या बसनं निघालो. रेश्मा, सेतुराव आणि मी. सेल्वम सुट्टी काढून आदल्या दिवशीच घरी गेला होता. बसमध्ये रेश्मानं जरा अडखळत एकेक गोष्ट सांगायला घेतली. सेल्वमच्या आईचं नाव अंजलै. वडील होडीवर जातात. लाटेत घर गेलं, होडी गेली, माणसं वाचली. आता नवी फायबरची होडी मिळालीय. आणि एक भांडण चाललंय. गावात एका बड्या व्यापाऱ्यानं रस्त्याकडेला पत्र्याची मोठी शेड उभारली होती. वजनकाटा, बर्फ, सिमेंटची जमीन, सगळं आत. वाळूवरचा लिलाव बंद करा, माल शेडमध्ये आणा, असा त्याचा हट्ट होता. तिथं पुकारा त्याची माणसं करणार. बायांनी नको म्हटलं, त्यात अंजलै सगळ्यात पुढे. म्हणून त्यानं जाहीर केलं होतं की आजपासून एकही खरेदीदार वाळूवर उतरणार नाही. बहुतेक खरेदीदार त्याच्याच उधारीवर जगणारे. मासा दुपारपर्यंत सडतो, मग बाया मुकाट येतील शेडमध्ये.

"आजपासून?" मी विचारलं. रेश्मा म्हणाली, हो ना, नेमकं आजच, तू येणार त्याच दिवशी. सेल्वमला फार लाज वाटतेय. तो आईला म्हणतोय, ऐक एकदा, मुलीकडची माणसं यायचीत.

मला आधी हसू आलं आणि मग संताप आला. मुलीकडची माणसं म्हणे! मुलीकडची माणसं काय साजूक तुपात वाढलीत?

गाव रस्त्यापासून थोडं आत. काठावर जुन्या किल्ल्याची जागा आहे, आता तिथं मोठं हॉटेल झालंय. नवाबाचा किल्ला, त्याच्यासाठी इंग्रज आणि फ्रेंच एकमेकांच्या उरावर बसले होते. इतकं भांडण कशासाठी? खाडी नाही, खडक नाही, भिंत नाही. नुसती वाळूची सरळ रेघ आणि त्यावर आदळणारी लाट. त्या लाटेतून होडी काढून परत काठाला लावणारी माणसं इथं होती, म्हणून हे बंदर होतं. किल्ला गेला, कंपन्या गेल्या, माणसं अजून त्याच लाटेतून जा-ये करताहेत.

होड्या लागलेल्या होत्या. वाळूवर बांगड्यांचे, तारलीचे ढीग आणि प्रत्येक ढिगामागे एक बाई. समोर मात्र कुणी नाही. वर शेडपाशी खरेदीदारांचा घोळका, सायकलवाले, टोपलीवाल्या, सगळे उभे. मधोमध पांढरंशुभ्र वेष्टी, म्हणजे तिकडचं लुंगीसारखं धोतर, नेसलेला तो व्यापारी खुर्चीवर बसलेला. ऊन चढायला लागलं होतं. सेल्वम धावत आला, माझ्या पाया पडला आणि आईकडे बोट न दाखवता, रेश्मानं शिकवलेल्या मोडक्या मराठीत म्हणाला, घरी चला, चहा झालाय. मी म्हटलं, आधी विहीण.

अंजलै सगळ्यात मोठ्या ढिगामागे बसली होती. काळी, उंच, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं मला पाहिलं, मान हलवली आणि उठली नाही. धंद्यावर बसलेली बाई उठत नाही, ते मला कळतं. ती पुकारा करत होती. समोर वाळू, वाळूपलीकडे कुणी नाही, तरी भाव सांगत होती, खड्या आवाजात, पहिला, दुसरा, तिसरा. वर घोळक्यात कुणीतरी हसलं. माझी आई डोळ्यांसमोर आली.

आणि बांगडे तापत होते. डोळ्यांवरची चमक जायला लागली होती. मी चपला काढल्या, साडी खोचली, पाण्यात गेले, ओंजळ भरून आणली आणि तिच्या ढिगावर सोडली.

रांगेतल्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. वर शेडपाशी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सेल्वमनं कपाळाला हात लावला. सेतुराव रुमाल नाकावर धरून वाळूतून धडपडत आले आणि म्हणाले, "बाई, हें काय केलेंत? येथें ढिगावर पाणी टाकणें म्हणजे माल घेणें. पुकारला त्या भावानें तो सगळा आतां तुमचा जाहला."

इतकंच नव्हतं. गावची रीत अशी की सकाळचं पहिलं पाणी पडलं की बाजार उघडला. मग शेवटच्या होडीचा माल उठेपर्यंत तो कुणाला बंद करता येत नाही. तोवर कुणी पाणी टाकलं नव्हतं म्हणूनच वरचे लोक वर उभे राहू शकले होते.

सेल्वम कळवळून सांगायला लागला की तुम्ही परक्या, तुम्हाला माहीत नव्हतं, हे धरलं जाणार नाही, मी वर जाऊन समजावतो. रेश्मा माझा हात ओढत होती. वरून व्यापाऱ्याचा एक माणूस आला आणि सेतुरावांना हसत हसत म्हणाला, पाहुण्या बाईंची चूक झाली, सोडून द्या. अंजलै नुसती माझ्याकडे बघत होती. मी चूक झाली म्हटलं असतं तर तिनं मान खाली घालून ती मान्य केली असती, पाहुणी म्हणून. आणि दुपारी सगळ्या बायांनी टोपल्या उचलून शेडची वाट धरली असती. एवढं मला तमिळ न येताही कळत होतं.

मी सेतुरावांना म्हटलं, "त्याला सांगा, पाणी मी टाकलंय. माल माझा."

सेतुरावांनी ते सांगितलं. जन्मभर बँकेत हळू बोललेला तो माणूस, पण वर शेडपर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं, आणि तेही रुमाल खिशात ठेवून. साडीसाठी आणलेल्या पैशांतून मी अंजलैचा भाव चुकता केला. घासाघीस केली नाही, पहिल्या भेटीत बरं दिसत नाही. मग तिच्या शेजारी फतकल मारून बसले. एवढे बांगडे घेऊन मी काय करणार होते, सेतुरावांच्या देवघरात ठेवणार? विकायलाच हवे होते. तिनं एक पाट आणि विळी माझ्याकडे सरकवली.

मी मराठीत ओरडायला लागले. ताजा बांगडा, या या, अजून फडफडतोय! कुणाला एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळ्यांना सगळं कळत होतं. हॉटेलात उतरलेलं एक शहरी कुटुंब कुतूहलानं आलं, त्यांना मी मासे साफ करून दिले. बसची वाट बघणारी दोन माणसं आली. मग एक म्हातारी टोपलीवाली वरच्या घोळक्यातून निघाली आणि इकडेतिकडे न बघता सरळ उतरून पाण्याशी गेली. शेजारच्या ढिगावर तिनं ओंजळ सोडली. तिच्यामागे एक सायकलवाला आला. मग दुसरा. बाजार उघडलेला आहे, रीत आहे, त्यांचा काय दोष? असं तोंड करून एकेक जण उतरत गेला. रेश्मानं केव्हा पदर खोचला आणि सुटे पैसे द्यायला लागली, माझं लक्ष नव्हतं. सेल्वम थोडा वेळ उभा राहिला. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो टोपल्या उचलायला लागला.

शेवटी उरली अंजलैच्या नवऱ्याच्या होडीची सुरमई, वंजिरम म्हणतात तिला. मोठमोठे मासे, हॉटेलवाल्यांचा माल, जो व्यापाऱ्याला हवाच होता. त्यानं माणूस पाठवला. अंजलैनं मान हलवली. पाणी ज्याचं माल त्याचा, नोकराचं पाणी चालत नाही. तो परत गेला. बराच वेळ कुणी आलं नाही. मग पांढरं वेष्टी वाळूत उतरलं, आमच्यासमोरून पाण्यापर्यंत गेलं आणि तिथं लाटेनं त्याचे काठ गुडघ्यापर्यंत भिजवले. ओंजळ धरून येताना निम्मं पाणी सांडलं. उरलेलं त्यानं सुरमईवर सोडलं. बाया हसल्या नाहीत. मला हसावंसं फार वाटत होतं, पण त्या हसल्या नाहीत म्हणून मीही नाही हसले.

दुपारी अंजलैच्या घरी जेवलो. चिंचेच्या आंबटात शिजवलेला बांगडा, वर कढीपत्ता आणि छोटे कांदे. आमच्याकडे कोकम आणि ओलं खोबरं लागतं. मी तोंडावर सांगितलं की आमचा चांगला, तिनं सांगितलं की माझ्या तोंडाला चव नाही. अशी ओळख झाली. सेतुराव बाहेर ओट्यावर केळी खात बसून दोघींचं भाषांतर करत होते. साखरपुड्याचं बोलणं चटकन आटपलं. मग ताटात भात वाढता वाढता तिनं विचारलं, सम्मंदी अम्मा, म्हणजे विहीणबाई, पाणी टाकलंत तेव्हा ही रीत माहीत होती का? मी म्हटलं, नव्हती. ती म्हणाली, माहीत असती तर टाकलं असतंत?

"दोन ओंजळी टाकल्या असत्या," मी म्हटलं.

ती इतकी हसली की वाढायचा हात तसाच राहिला.

परत हर्णै

साडी राहिली. रेश्मा म्हणते, तिची काही हरकत नाही. हरकत असती तरी काय करणार होती? कोवलमची शेड अजून उभीच आहे. व्यापारी काही साधू झालेला नाही, दर थोड्या दिवसांनी काहीतरी नवं काढतो, आणि बाया अजून वाळूवरच बसतात. सेल्वम फोनवर हे सांगतो तेव्हा त्याच्या आवाजात लाज नसते.

मी परतले तर इकडे जेट्टीची सभा लागलेली. जेट्टी आम्हाला हवीच. वादळात होड्या आपटून फुटतात, बैल पाण्यात उभे राहून राहून आजारी पडतात. ती मागण्यात मीही पुढे होते आणि अजून आहे. देवळापुढच्या मांडवात बंदर खात्याच्या साहेबांनी नकाशा टांगला होता. भिंत इथून इथवर, ट्रकचा रस्ता इथून, बर्फ इथे, लिलावाचा हॉल तिथे. आमचे पुरुष माना डोलावत होते. मी उठले आणि विचारलं, बाया कुठे बसणार?

साहेब जरा गोंधळले. नकाशाकडे बघितलं, मग म्हणाले, त्या काय, आता बसतात तशा वाळूवर बसतील. मी म्हटलं, साहेब, ती वाळू तर तुम्ही भराव घालून बुजवताय. त्यांनी पुन्हा नकाशाकडे बघितलं. मांडवात कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, बाई, खाली बसा, सभा पुढे जाऊ दे.

मी खाली बसले नाही. मागे वळून पाहिलं तर माझी आई काठी टेकत उठत होती, तिच्या शेजारची उठत होती, आणि तिच्यामागे बायांची अख्खी रांग उभी राहत होती. मी पुन्हा नकाशाकडे वळले आणि म्हटलं, "बाया कुठे बसणार ते आधी काढा. मग तुमची भिंत."